न मरणाऱ्यांचं बेट आणि बाबांची बॅटरी

बाबांच्या छातीतल्या पेसमेकरची बॅटरी संपत आली होती आणि बाबा ती बदलून घ्यायला काही केल्या हो म्हणत नव्हते. बॅटरी गेल्यावर त्यांचं हृदय आपलं आपण किती चालेल, याची खात्री डॉक्टर देत नव्हते. "छोटंसं ऑपरेशन आहे काका, दुसऱ्या दिवशी घरी. मग पुढची दहा वर्षं बघायला नको," ते म्हणाले. बाबांनी नुसतं "दहा?" म्हटलं आणि असा चेहरा केला की मला डॉक्टरांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर येऊन रिक्षातून सानपाड्याला घरी पोचेस्तोवर मी त्यांना नको नको ते बोलले.

त्यात सहस्रचंद्रदर्शन. बाबांना एक्क्याऐंशीवं लागलं होतं आणि मी हौसेनं सगळं ठरवून बसले होते. होम, गुरुजी, जितकी वर्षं तितक्या दिव्यांनी ओवाळणं, सोसायटीच्या हॉलमध्ये जेवण. रत्नागिरीहून आत्याचा फोन, "आधी ती बॅटरी उरकून घे गं बाई, होमाला बसायचं तर अंगात ताकद नको?" शाल, श्रीफळ आणि नवी बॅटरी, असं सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. ऑपरेशनची तारीखही मी घेऊन टाकली. बाबांना विचारलं नाही. विचारून ते काय म्हणणार, ते माहीत होतं.

बाबांची नजर अधू झाल्यापासून दुपारी मी त्यांना वाचून दाखवते. ते महाप्याच्या कारखान्यात फिटर होते, इंग्रजी त्यांचं कामापुरतं. मी शाळेत इंग्रजी शिकवण्यात जन्म काढलेला. म्हणून पुस्तक इंग्रजी आणि तोंडानं मराठी, असा आमचा प्रकार. त्या दिवसांत एका प्रवाशाची जुनी गोष्ट चालली होती. तो गलबत फुटून फुटून कुठल्या कुठल्या देशांना लागतो आणि तिथल्या लोकांच्या नावाखाली लेखक आपल्याच लोकांची यथेच्छ टर उडवतो. त्यातली वीतभर माणसं आणि ताडमाड राक्षस सगळ्यांना लहानपणापासून माहीत असतात. पुढं सहसा कुणी जात नाही. आम्ही गेलो.

पुढं एक बेट आहे. तिथं क्वचित एखादं मूल कपाळावर ठिपका घेऊन जन्मतं आणि ते कधीच मरत नाही. हे ऐकून प्रवासी हरखून जातो. मला असं आयुष्य मिळालं तर मी काय काय शिकेन, केवढा शहाणा होईन, लोक मला विचारायला येतील, असे इमले बांधतो. हे मी अगदी रंगवून वाचलं. बाबा उशीला टेकून लक्ष देऊन ऐकत होते. म्हटलं, चला, देवानंच हे पान पुढ्यात टाकलं!

आणि नजर पुढच्या ओळींवर गेली. ती माणसं मरत नाहीत, पण म्हातारी होतच राहतात. दात जातात, चव जाते, पोटच्या पोरांची नावं आठवत नाहीत. देशाची भाषा बदलते आणि त्यांना शेजाऱ्याशीही बोलता येत नाही. ऐंशी झाली की कायदा त्यांना मेलेलं धरतो, मालमत्ता वारसांकडे. ऐंशी!

मी सरळ थाप ठोकली. "तर बाबा, ही माणसं एकदम ठणठणीत असतात. सकाळी खाडीवर फिरायला जातात. दात शाबूत, बांगडा काट्यासकट खातात. नातवंडांना खेळवतात." आणखी काय काय सांगितलं, देव जाणे. सुचत गेलं तसं बोलत गेले.

"आणि त्यांची मुलं?" बाबांनी विचारलं. "तीपण न मरणारीच?"

"नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. "ती आपल्यासारखीच."

"म्हणजे मुलं मरतात आणि बाप बांगडा खातो."

माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी तापानं बघता बघता गेला. त्याला अग्नी बाबांनी दिला. त्यावर ते कधी बोलले नव्हते आणि आम्हीही विषय काढत नव्हतो.

"आता खरं वाच," बाबा म्हणाले. "मघापासून पान उलटल्याचा आवाज आलेला नाही."

मी वाचलं, सगळं. कायदा ऐंशीला मेलेलं धरतो, या जागी बाबा खोकला लागेस्तोवर हसले. "बघ! शहाणी माणसं. आणि तू माझ्यासाठी हॉल बुक करतेस!" मलाही हसू आलं. मग ते न मरणारे कुणाची अंत्ययात्रा बघून कसे जळतात, ते आलं. जाणारा विसाव्याला गेला, आपल्याला तो कधीच नाही म्हणून. तिथं बाबा हसले नाहीत.

"त्याला नेला तेव्हा मला हेच झालं होतं," ते म्हणाले. "रडू येत होतं, आणि त्याचा हेवापण वाटत होता. बापाला असं वाटावं का गं?"

माझा तोल गेला. "आणि मी? मी कोण लागते तुमची? मला हवे आहात ना तुम्ही!" मी ओरडलेच. शेजारी ऐकू गेलं असणार, जाऊ दे.

त्यांनी माझा हात चाचपडत शोधला. "तुझ्यासाठीच तर इतके दिवस बॅटरीला उघड नकार दिला नाही. तू म्हणशील तर घालून घेतो नवी, परत कुरकुर नाही करणार. पण आधी मला नीट बघ, आणि मग सांग."

मी बघितलं. किती दिवसांनी बघत होते, कोण जाणे. ते दमले होते. आजारी नव्हते, दमले होते, आणि मी हट्टानं त्यांना उभं धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशनची तारीख रद्द केली. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काही हरकत नाही मॅडम, मग पुढची कुठली देऊ?"

बाबा समोरच बसले होते. मी म्हटलं, "नको."