काकांनी स्वतःच्या नावानं लिहिलेली गोष्ट

माझ्या मावशीच्या यजमानांइतका प्रवास आमच्या मुलखात दुसऱ्या कुणीही केला नसेल. चंद्रावर ते कितीदा जाऊन आले याला गणती नाही, आणि समुद्राच्या तळाशी तर सासुरवाडीला जावं तसे ते जात. प्रत्यक्षात काका माधवनगरच्या कापडगिरणीत हजेरी लिहीत आणि इस्लामपूरच्या मोटारीत बसले की पहिल्या वळणालाच खिडकीबाहेर तोंड काढत. मी तेव्हा सांगलीच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि राहत होते त्यांच्याकडे. काकांचं लिखाण सांगलीच्या पोस्टात टाकायचं काम माझ्याकडे, म्हणून त्यांचं गुपित मला ठाऊक. मावशीला लिहितावाचता येत नव्हतं; काका लिहायला बसले की ते गिरणीचंच काम, असं ती समजे. तिला का सांगत नाही, असं विचारलं तर काका म्हणत, "तिला वाटंल, माणूस कामातनं गेला."

पुण्याचं एक मासिक त्यांच्या विज्ञानकथा छापायचं. एका अंकात एकाच लेखकाच्या दोन गोष्टी नकोत, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा काकांनी एकाचे तीन लेखक केले. आकाशातल्या गोष्टी 'नभोविहारी' लिहायचा, पाण्यातल्या 'सागरतळी' आणि यंत्रांच्या 'कुमारी विद्युल्लता'. नभोविहारी माळ्यावर चढून लिही, सागरतळी न्हाणीच्या दाराशी पाट टाकून. विद्युल्लतेची पाळी असली की काका दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून बसत. "बाईमाणसानं गबाळं बसून कसं लिवायचं?" एकदा नभोविहारीनं सागरतळीच्या गोष्टीवर मासिकातून कडक टीका केली. अंक हाती आला आणि काका दिवसभर घुश्शात होते. जतच्या एका वाचकानं विद्युल्लतेला मागणी घातली, तेव्हा नकार कळवणं त्यांच्या अगदी जिवावर आलं. "पोरगा बरा दिसतोय गं," असं मला पुनःपुन्हा म्हणत राहिले.

त्यांचा एकुलता मुलगा दिनकर पलटणीत होता. ब्रह्मदेशच्या लढाईत तो बेपत्ता झाल्याची तार आली आणि तिन्ही लेखक एकदम गप्प झाले. बऱ्याच महिन्यांनी विद्युल्लतेनं एक गोष्ट लिहिली. दूर रानात हरवलेल्या माणसाचा आवाज पकडणाऱ्या यंत्राची. काका मावशीला अंकातलं काहीबाही वाचून दाखवत, तशी तीही वाचली. मावशी जोंधळे पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आवं, ही बाई कुठं ऱ्हाती?"

"पुण्याकडं असंल," काका म्हणाले.

"शानी दिसती. तिला इचारा की, आपल्या दिनूचा आवाज घावंल का. मी बी येती तुमच्यासंगं."

काका नुसतीच पानं उलटत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई न्हाई ती. मीच हाय. आन् यंतर बी खोटं हाय."

मला वाटलं, मावशी आता रडेल, नाहीतर भांडेल. तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "एवढं लिवता येतंय तुमाला, तर दिनू घरी आला असं का लिवत न्हाई?"

काकांनी तशी गोष्ट लिहिली. स्वतःचं नाव घातलेली ती पहिलीच. मासिकानं ती परत पाठवली. हिच्यात विज्ञान नाही, असं संपादकांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. दिनकर मोटारीतून उतरतो आणि चालत घरी येतो, एवढंच तिच्यात होतं. काका ती मावशीला वाचून दाखवत आणि मावशी दुरुस्त करी. "आल्या आल्या पाणी मागंल व्हय त्यो? आधी शेळीकडं जाईल." काका शेळी घालत. "वांगं खात न्हाई त्यो." काका वांगं खोडत.

दिनकर आला नाही. पुढे माझं लग्न झालं आणि मी साताऱ्याला गेले. सणावाराला माधवनगरला आले की मावशी मला शेजारी बसवून काकांना ती गोष्ट वाचायला लावी. दर खेपेला ती थोडी लांबलेली असे. एकदा दिनकर जेवून, हात धुऊन ओसरीवर आडवा झाला, आणि काका तिथंच अडले. पुढचं वाक्य त्यांना काही केल्या सुचेना.

"ऱ्हाऊ द्या," मावशी हळू आवाजात म्हणाली. "निजू द्या त्याला. लय लांबनं आलाय."