कोंडाबाईंचे दोन मुलगे आणि माझा लसावि

मंडळी, जन्मभर शब्दरूपं पाठ केली, लसावि मात्र विसरलो.

शेजारच्या कोंडाबाईंचा थोरला दर आठव्या दिवशी सुट्टीवर येतो, धाकटा दर सहाव्या. मागं दोघं एकत्र आले तेव्हा बाईंनी विचारलं, "सर, आता पुन्ना एका दिशी कवा?" मी ऐटीत गुणाकार करून अठ्ठेचाळीस दिवस सांगितले.

आठ त्रिक चोवीस, सहा चोक चोवीस. आज चोविसावा दिवस. बाई स्वतः दिवस मोजत नाहीत; माझ्या आकड्यावर विसंबून निर्धास्तपणे लेकीकडे ईट गावाला गेलेल्या, इकडं दोघं भाऊ कुलपापुढं. संध्याकाळी परतले.

फोनवर चूक कबूल केली. बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सर. आता म्या घर सोडून कुठं जातच न्हाय."

पुढची भेटही चोवीस दिवसांनीच. कोणत्या तोंडानं सांगू?