नळीवरचा पंधराचा आकडा

माझी मुलगी जन्मली तीच पांढऱ्या केसांची. कातडी इतकी फिकी, की जरा उन्हात गेली की लाल व्हायची आणि संध्याकाळी फोड यायचे. यांना तारापूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याकडून सालवडला आलो. इथलं ऊन तिला मुळीच सोसेना. बोईसरचे डॉक्टर कॅलमाइन द्यायचे. त्याने आग थांबायची, फोड मात्र येतच राहायचे.

माझे दीर बोटीवर नोकरीला होते. त्यांनी परदेशातून उन्हासाठीचं मलम आणलं. पांढरी नळी, तिच्यावर मोठा पंधराचा आकडा. शेजारीण म्हणाली, पंधरा तास पुरत असेल. यांनी शब्दकोश घेऊन मागच्या बारीक मजकुराचा अर्थ लावला. बाहेर पडायच्या आधी लावा, भरपूर लावा, घाम आला की पुन्हा लावा, दर दोन तासांनी तर लावाच. पंधराचा उलगडा मात्र होईना.

तिला मुंबईला दाखवायला नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तो केला. ती एरवी जितक्या वेळात भाजते, त्याच्या पंधरापट वेळ. तोही जाड थर दिला तर, आणि घामाने निघून गेलं नाही तर.

"ढग असले तरी लावायचं," ते म्हणाले. "आणि मलमावर विसंबू नका. आधी कपडा, आधी सावली."

सगळं कळलं आणि माझा धीरच सुटला. शाळेत तिच्या वर्गात पंखा नव्हता, घाम तर येणारच. तिथे तिला पुन्हा मलम कोण लावणार? मी बाईंना विचारलं. त्या कळवळल्या, पण एवढ्या पोरांत कसं जमायचं, म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितलं तसं भरपूर लावत गेले, तर होळीच्या आत नळी संपली. बोईसर, पालघर, सगळी दुकानं पालथी घातली. कुठेच मिळेना. दीर तर समुद्रावर.

मग मी जाड सुती कापडाचे लांब बाह्यांचे झगे शिवले, कानांवरून येईल अशी टोपी शिवली. त्यात ती घामाने निथळायची. पोरं मागे लागून चिडवायची. तरी मानेवर फोड आलेच.

जूनच्या सुरुवातीला आभाळ भरून आलं. समोरच्या मैदानात पोरं खेळत होती.

"आई, आज ऊन नाहीये. आज तरी जाऊ?"

मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. शाळा उघडली तेव्हा ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. बाई घरी येऊन समजावून गेल्या, हे रागावले, मी हातापाया पडले. ते वर्ष तिचं घरातच गेलं.