निळ्या यंत्रावरची बर्नी

बर्नाडेट वोयटोविचला बफेलोच्या पूर्वेकडच्या वस्तीत सगळे बर्नी म्हणतात. साठीची बाई, हाड मजबूत, जीभ त्याहून मजबूत. हेरन्स संघाचा बेसबॉलचा सामना घरच्या मैदानावर असला की ती मैदानात नसते, मैदानामागच्या, सामना टीव्हीवर दाखवायच्या लांबलचक ट्रकमध्ये असते. एक्केचाळीस वर्षांत तिने खुर्चीत बसून एकही सामना अख्खा पाहिला नाही, आणि तरी तिच्याइतका बेसबॉल पाहिलेलं माणूस गावात शोधून सापडायचं नाही.

वडील पोलादाच्या कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा ही एकोणीस वर्षांची, घरात सर्वांत थोरली. मैदानावर कॅमेऱ्यांच्या जाड केबली ओढायला माणसं हवी होती, तिथे जाऊन उभी राहिली. गडी म्हणाले, "बाई, हाताला फोड येतील." आले. फुटले. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ते हात पाहून तेच गडी रस्ता द्यायला लागले.

पुढे ती ट्रकच्या आत गेली. खेळाचा घडलेला क्षण मागे ओढून पुन्हा दाखवायचा, ते काम. तिथे प्रत्येक यंत्राला रंगाचं नाव असतं, लाल, सोनेरी, असं. बर्नीचं निळं. आणि ट्रकचा एक रिवाज असतो: मैदानावर काही वादाचं घडलं आणि ते तुझ्या यंत्रात स्पष्ट दिसलं, तर तू ओरडायचं, "निळं! माझ्याकडे आहे!" ओरडला नाही तो ट्रकमधला नाही. पडद्यावर घ्यायचं की नाही हे दिग्दर्शक ठरवील, पण गप्प बसायचा हक्क कुणालाच नाही.

बर्नी एकदाच गप्प बसली होती, तिशीत असताना. आपल्या खेळाडूचा पाय रेषेबाहेर होता, तिला दिसला, आणि आपला म्हणून तिने तोंड मिटलं. पाहुण्या संघाच्या चॅनेलने तो पाय चार वेळा दाखवला. दुसऱ्या दिवशी खाटकाच्या दुकानात कील्बासा सॉसेज तोलता तोलता म्हातारा कझिक म्हणाला, "काय गं बर्नी, तुमचा कॅमेरा एका डोळ्याने अधू आहे का?" ती तशीच घरी आली. सॉसेज दुकानातच राहिलं.

यंदाच्या हिवाळ्यात सामने दाखवणाऱ्या जुन्या कंपनीचं दिवाळं वाजलं. हेरन्सने ठरवलं, आता आपले सामने आपणच दाखवू. ट्रक आपला, कॅमेरे आपले, चॅनेल आपलं. जुनी माणसं ठेवली, पण पहिल्या दहा सामन्यांपुरती. मग बघू म्हणाले. सगळ्यांवर साहेब नेमला डॉईल नावाचा. आधी तो तिकिटं विकायच्या खात्यात होता. माणूस वाईट नव्हे, पण जन्मात ट्रकमध्ये पाय ठेवलेला नव्हता.

पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "आता हे घरचं कार्य आहे. घरची उणीदुणी चव्हाट्यावर मांडायची नाहीत. आपल्या पोरांच्या चुका पुन्हा पुन्हा दाखवायची हौस जुन्या कंपनीबरोबर गेली, असं समजा."

दिग्दर्शक टेरेन्स गेन्स चाळिशीचा, समंजस गडी. त्याने बर्नीकडे पाहिलं. बर्नी कॉफीत साखर ढवळत होती. तिसऱ्यांदा.

एप्रिलमधला चौथा सामना, रविवारची दुपार. सकाळी पाऊस पडून गेलेला, गवत ओलं. सातवा डाव, हेरन्स एका धावेने पुढे, पाहुण्यांची तीन माणसं तिन्ही तळांवर, आणि एकच गडी बाद करायचा उरलेला. चेंडू डावीकडे उडाला. हेरन्सच्या ओमार बेंकोसने सूर मारला, लोळला, हात वर केला. हातमोज्यात चेंडू. पंच म्हणाला, झेल. पाहुण्यांनी दाद मागायची आपली संधी आधीच वाया घालवलेली, त्यामुळे निकाल काही बदलणार नव्हता. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी.

कानातल्या यंत्रात डॉईलचा आवाज आला, "छान! टेरेन्स, लोक दाखव, आनंद दाखव."

बर्नीने निळ्याची चकती मागे फिरवली होती. खालच्या कॅमेऱ्यात चेंडू खाली येत होता आणि हातमोज्याच्या वीतभर आधी गवतातून पाण्याचा बारीक शिंतोडा उडाला. टप्पा. घरी शहाऐंशी वर्षांची आई तिच्या जिवावर, आणि नोकरीचे सहा सामने उरलेले. हे सगळं तिच्या डोक्यात आलं, नाही असं नाही.

"निळं!" ती ओरडली. "माझ्याकडे आहे. टप्पा पडलाय."

टेरेन्स म्हणाला, "बर्नी, नक्की?"

"माझ्या नवऱ्याच्या घोरण्याइतकं नक्की."

"टेरेन्स, नको," कानात डॉईल म्हणाला.

टेरेन्सने एकदा पडद्याकडे पाहिलं. "निळं, चालव."

अख्ख्या पश्चिम न्यूयॉर्कने तो शिंतोडा पाहिला. समालोचक वॉल्ट प्रेंटिस म्हणाला, "पंचांनी झेल दिलाय, आपण घेतलाय. पण मंडळी, चेंडू आधी गवताला भेटून आलाय. तुम्ही पाहिलंत, मीही पाहिलं."

हेरन्स एका धावेने जिंकले. डॉईल लालबुंद होऊन ट्रकमध्ये आला. "कोण ओरडलं?"

"मी चालव म्हणालो," टेरेन्स म्हणाला.

"ते ओरडलं कोण विचारतायत रे," बर्नी म्हणाली. "मी, साहेब."

"तुला सांगितलेलं कळत नाही? हा आपला संघ आहे."

"म्हणूनच ओरडले. परक्यांचं असतं तर जरा हळू ओरडले असते."

"मला आधी विचारायचं."

"चार सेकंद असतात साहेब. तेवढ्यात तुमचं दारसुद्धा वाजवून होत नाही."

तेवढ्यात दारात बेंकोसच उभा राहिला, गुडघ्यापर्यंत चिखल. "बाई, ते मला दाखवता का? मला खरंच हातात आलाय वाटलं होतं."

बर्नीने दाखवलं. त्याने तीनदा पाहिलं, मान हलवली. "आईने पाहिलं असणार. आता फोनवर माझी खैर नाही," म्हणाला, आणि जाताना बर्नीच्या खांद्यावर हात ठेवून गेला. डॉईल म्हणाला, "मंगळवारी मी इथेच बसणार आहे. मागे. बघतोच."

मंगळवारी आला आणि बसला खरा. पाचव्या डावात आपला धावपटू घसरत तळापर्यंत गेला, पंचाने नाबाद दिला. लाल यंत्राच्या पडद्यावर स्पष्ट दिसत होतं, त्याचा हात तळाला उशिरा टेकला, म्हणजे तो बाद होता. लालवाला पाण्याची बाटली उघडत होता, त्याचं लक्ष नव्हतं. निळ्यात मध्ये पंच आलेला.

"लाल!" मागून आवाज आला. "लालवर आहे, दाखवा ना!"

सगळे वळले. डॉईल खुर्चीतून अर्धा उठला होता, बोट पडद्याकडे.

"लाल, चालव," टेरेन्स म्हणाला.

बर्नीने वळून साहेबाकडे पाहिलं आणि एक खुर्ची पायाने पुढे सरकवली. "मागून नीट दिसत नाही," ती म्हणाली. "इथे बसा."