कोटाचं डावं कोपर

रविवारी आई अकरा वाजल्यापासून तयार होऊन बसायची. धाकटी यायची चार वाजता. मधले पाच तास आई खिडकीजवळच्या खुर्चीत निळा स्वेटर घालून, केस चापूनचोपून बसवून, जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसलेली असायची. तो स्वेटर चढवणारी, ते केस विंचरणारी आणि दर अर्ध्या तासाने "किती वाजले गं?" याचं उत्तर देणारी असायची ताई. बाकीचे सहा दिवस आईला कोणताही स्वेटर चालायचा.

ताई रफूचं काम करायची. एका मोठ्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक टेबल, मान वळणारा एक दिवा आणि सुयांचा एक डबा, एवढा तिचा संसार. जळलेलं, फाटलेलं, कसर लागलेलं कापड पुन्हा असं विणून द्यायचं, की भोक कुठे होतं ते ज्याचं कापड त्यालाही बोट ठेवून सांगता येऊ नये. या धंद्यात काम दिसलं की फसलं. त्यामुळे सव्वीस वर्षांत तिचं कौतुक करायला कोणी आलं नव्हतं. आले ते तक्रार घेऊनच.

हे काम तिला आईने शिकवलं होतं. त्याच टेबलावर तीस वर्षं आई बसलेली. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने आईचे डोळे गेले, आणि त्या दिवसापासून ताईने घरात सुईचं नाव काढलं नाही. जिची सगळी हुशारी डोळ्यांत होती, तिच्यासमोर धाग्यादोऱ्याच्या गोष्टी करायच्या म्हणजे जखमेवर मीठ चोळायचं, असं तिला वाटलं. मग बोलायला उरलं काय? गोळी घेतलीस का, दूध आलं का, दार लावलं का. दोघी बायका संध्याकाळी समोरासमोर बसायच्या आणि भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलायचं.

धाकटी विमा कंपनीत होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि गाण्याच्या कार्यक्रमांना जायची. जायची म्हणजे काय, एक सोडायची नाही. आणि रविवारी बिस्किटांचा पुडा घेऊन आली, की चपला काढायच्या आधी सुरू व्हायची.

"आई, काल ना, आवाज वर वर चढत गेला, आणि एकदम थांबला. सगळं सभागृह गप्प. माझ्या शेजारचा म्हातारा रडत होता. आणि मी कुठे बसले होते सांगू? पहिल्या रांगेत!"

मग ती आईचा हात हातात घ्यायची, तळव्यावर बोटांनी ठेका धरायची, व्हायोलिन कसं मागून आलं ते गुणगुणून दाखवायची. आणि आईचा चेहरा असा काही उजळायचा, की ताईला स्वयंपाकघरात जाऊन कप आपटावेसे वाटायचे. ती आपटायचीही. दोन कपांचे कान त्यात गेले होते.

मत्सर म्हणतात तो हाच, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. उगाच दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नव्हता. आईची औषधं, आईचं स्नान, आईची रात्रीची उठबस, सगळं हिने करायचं, आणि तो चेहरा मात्र धाकटीने घेऊन जायचा. आयत्या बिळावर नागोबा! वर निघताना शहाणपण शिकवायचं, "ताई, आईला जरा बोलतं ठेवत जा गं. घरात किती शांत असतं." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! ताई दार लावून घ्यायची आणि उरलेली बिस्किटं मुद्दाम खायची नाही.

एका मंगळवारी लाँड्रीत एक माणूस धापा टाकत आला. रविवारी सकाळी मोठ्या सभागृहात ज्यांचं गाणं होतं, त्या गायकाचा तो मदतनीस. हातात कोट, कोळशाच्या रंगाचा, उंची लोकरीचा. डाव्या कोपरावर कसरीने वाटाण्याएवढं भोक पाडलं होतं.

"हाच कोट लागतो त्यांना," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "दुसरा घातला तर म्हणतात आवाज लागत नाही. शनिवारपर्यंत द्या हो."

ताईने कोपरावर बोट फिरवलं. कोपराची जागा सगळ्यात वाईट. हात वाकला की कापड ताणतं, आणि ताणलं की रफू उघडं पडतं. तिने चार दिवस त्यावर घालवले. कोटाच्या आतून, जिथे कोणी बघणार नाही तिथून, त्याच कापडाचे धागे उसवून काढले, आणि दोन उभ्या धाग्यांवरून, दोन उभ्या धाग्यांखालून, असं एकेक करत भोक विणून बुजवलं. शनिवारी मदतनीस कोट न्यायला आला. त्याने कोपर उजेडात धरलं, पुन्हा धरलं, आणि खिशातून एक पास काढून टेबलावर ठेवला. "या उद्या. सातवी रांग आहे, उजव्या कडेला."

याच कार्यक्रमाला धाकटी जाणार होती. गेला रविवारभर तिने त्याचंच तुणतुणं वाजवलं होतं. ताईने पास पर्समध्ये टाकला आणि घरी जाईपर्यंत तिचा बेत ठरला. या रविवारी आईला गाणं ती सांगणार. धाकटीच्या आधी. चार वाजता बाईसाहेब येतील तेव्हा शिळी बातमी घेऊन येतील.

"गाण्याला जाते उद्या," तिने आईला सांगितलं.

"तू?" आई म्हणाली.

त्या एका शब्दाने ताईला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना आईजवळ बसवून ती सभागृहात पोहोचली. गुबगुबीत खुर्चीत कसं बसायचं तेही कळेना. तिचं आयुष्य स्टुलावर गेलेलं. समोर पहिल्या रांगेत ओळखीचा अंबाडा दिसला. धाकटी. शेजारच्या बाईशी मान वेळावून बोलत होती, जशी काही सभागृहाची मालकीणच. थांब, ताई मनात म्हणाली, आज तुझं दुकान बंद करते.

दिवे मंदावले. गायक आले. अंगात तोच कोट.

आणि इथे ताईचं सगळं गाडं घसरलं. गायकाची सवय अशी, की आवाज वर नेताना डावा हात वर जायचा. हात वर गेला की कोपर ताणायचं, आणि वरून पांढरा झगझगीत दिवा थेट त्याच्यावर. लाँड्रीतल्या दिव्यात जे लपतं ते या दिव्यात लपेल? ताईने श्वास रोखला. हात खाली आला. तिने श्वास सोडला. हात पुन्हा वर गेला. पहिलं गाणं संपलं तेव्हा तिच्या तळहाताला घाम सुटला होता. दुसऱ्या गाण्यात गायकाने दोन्ही हात पसरले, तशी ती अर्धवट उठलीच. तिसऱ्यात त्याने कोपर पाण्याच्या तांब्यासाठी ठेवलेल्या टेबलावर टेकलं, आणि तिच्या तोंडून "अहो, घासू नका!" एवढं हळूच निघून गेलं.

शेजारचे गृहस्थ तिच्याकडे झुकून म्हणाले, "किती रंगून जाता हो तुम्ही! असे श्रोते हल्ली राहिले नाहीत."

टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक उभे राहिले, धाकटी पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. दोन तास झाले होते. ताईने दोन तासांत एक सूर ऐकला नव्हता.

हे तिला बसमध्ये बसल्यावर कळलं. काय गायले? किती गाणी? व्हायोलिन होतं का? असावं बहुतेक. तिने धाकटीची वाक्यं आठवून पाहिली, आवाज वर वर चढत गेला, सभागृह गप्प झालं, म्हातारा रडत होता. तिच्या तोंडी ती दुसऱ्याच्या मापाच्या झग्यासारखी लोंबायला लागली. हसावं की रडावं कळेना.

घरी आई निळ्या स्वेटरमध्ये तयार बसली होती. नर्सबाई गेल्या.

"हं, सांग," आई म्हणाली. "काय गायला?"

ताईने तोंड उघडलं. आणि मग जे खरं होतं तेच बाहेर पडलं.

"दिसली नाही."

"काय दिसली नाही?"

"कोपरावरची जागा. त्यांचा कोट माझ्याकडे आला होता. कसर लागलेली. एवढा हात वर-खाली केला त्यांनी, पण जागा नाही दिसली."

आई खुर्चीत पुढे सरकली.

"कापड कोणतं?"

"लोकर. तिरप्या विणीची. कोळशाचा रंग."

"अगं बाई! तिरप्या विणीत, आणि कोपराला? धागा कुठून काढलास? काखेतून?"

"नाही. खिशाच्या आतल्या घडीतून."

"शहाणी गं माझी! काखेतला घामाने विटतो. तुझ्या जागी दुसरी असती तर तिने काखेतलाच ओढला असता." आईने हात पुढे केला. "दाखव. माझ्या बाहीवर दाखव, केवढी होती. आणि दिवा कुठून पडत होता? वरून की बाजूने?"

ताईने आईच्या निळ्या बाहीवर, कोपराजवळ, बोटाने गोल काढला. आणि मान वर करून पाहिलं तर आईचा चेहरा. तोच. रविवारी चार वाजताचा.

"चार वर्षं असलं काही सांगितलं का नाहीस मला?" आई म्हणाली.

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"डोळे गेलेत माझे. अक्कल नाही गेली. मला वाटायचं, तुला माझ्याशी बोलावंसं वाटत नाही."

मग ताई बोलायला लागली ती थांबेचना. तो कोट झाला, गेल्या महिन्यातली जळकी शाल झाली, तीन वर्षांपूर्वीचा तो रेशमी गाऊन झाला, ज्याच्यावर ती आठ दिवस बसली होती. आई मध्ये मध्ये "वेडी का तू, आधी आडवे धागे घ्यायचे!" म्हणून रागवत होती. इतक्या सुखाने रागवत होती, की ताईने दोन चुका मुद्दाम जास्तीच्या सांगितल्या.

जिन्यावर पावलं वाजली ती दोघींनाही ऐकू आली नाहीत.

"मी आलेय," धाकटी दारातून म्हणाली. हातात बिस्किटांचा पुडा. "आई, काय कार्यक्रम झाला आज! मी पहिल्या रांगेत..."

"तू पहिल्या रांगेत होतीस ना?" आईने मध्येच विचारलं. "मग त्याच्या कोटाची डावी बाही पाहिलीस का? कोपरापाशी?"

"बाही?" धाकटी गोंधळली. "अगं, मी गाणं ऐकायला गेले होते."

"म्हणजे दिसली नाही! एवढ्या जवळून दिसली नाही!" आईने टाळी वाजवली. "ताई, ऐकलंस?"

ताईने ऐकलं. ऐकलं, आणि तिला इतका आनंद झाला की लाज वाटायलासुद्धा वेळ मिळाला नाही. आई पुन्हा तिच्याकडे वळली होती, गाऊनचं पुढे काय झालं ते विचारत होती. धाकटी पुडा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून कप आपटल्याचा आवाज आला.

तो आवाज ताईच्या ओळखीचा होता. चार वर्षं तो तिनेच काढला होता.

ती उठून आत गेली. धाकटी ओट्याला टेकून कपाचा तुटलेला कान बघत होती.

"लहानपणापासून हेच," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही दोघी दिव्याखाली बसायच्या. उभा धागा, आडवा धागा. मी जवळ आले की आई म्हणायची, तू जा, अभ्यास कर. मला कधी सुई हातात धरू दिली नाही. तुमच्यात येऊन बसायला माझ्याकडे काहीच नव्हतं गं, ताई. आईचे डोळे गेले, तुमचं ते बोलणं बंद झालं, तेव्हा मला वाटलं, आता तरी मी काहीतरी घेऊन येऊ शकते. म्हणून जायला लागले गाण्याला. सुरुवातीला तर मला कळायचंही नाही."

ताईने जिच्यावर चार वर्षं जळून घेतलं, ती वीस-पंचवीस वर्षं आधीपासून जळत बसली होती. बाहेर आई हाका मारत होती, "कुठे गेलात दोघी?"

ताईने तिच्या हातातला कप काढून घेतला, तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेर आणून आईच्या शेजारी बसवलं. स्वतः स्टूल ओढून समोर बसली.

"सांग," ती धाकटीला म्हणाली. "काय गायले?"

"तू होतीस ना तिथे?"

"होते. पण मी कोपराकडे बघत होते. मला काहीच ऐकू आलं नाही. पहिल्यापासून सांग."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं, डोळे पुसले, आईचा हात हातात घेतला, आणि थोडं थांबून दुसऱ्या हाताने ताईचाही घेतला.

"बरं," ती म्हणाली. "मी बसले होते..."

"कुठे बसली होतीस ते सोडून सांग," ताई म्हणाली.