जाधवबाईंची हकीकत वही

जाधवबाईंची नोकरी गेली ती माझ्यामुळे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि लालबागला ज्यांच्याबरोबर शाळेपासून उठतो-बसतो त्या मित्रांनाही नाही. लोकांना माहीत आहे ते एवढंच, की आमच्या विद्यापीठात एका मुलीवर हल्ला झाला, हलगर्जीपणाबद्दल एका सुरक्षारक्षक बाईंना काढलं, आणि पुढच्या वर्षी मी उपकुलसचिव झालो. या तीन गोष्टींचा संबंध दोघांनाच ठाऊक होता. त्यातल्या जाधवबाई गेल्या. उरलो मी.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. दादर आणि परळच्या मधलं आवार. दोन जुन्या दगडी इमारती, एक नवी काचेची, मागच्या बाजूला गॅरेजवाल्यांची गल्ली. मी तेव्हा सहायक कुलसचिव होतो आणि सुरक्षेचं काम माझ्याकडे होतं. रक्षक ठेकेदाराचे. ते यायचे, जायचे. त्यांची नावं लक्षात ठेवायची गरज पडायची नाही.

जाधवबाईंचं नाव मात्र पहिल्याच आठवड्यात लक्षात राहिलं. दुपारी दोनच्या सुमाराला, बाकीचे रक्षक डबा खाऊन पेंगत असताना, पन्नाशीला आलेल्या, बुटक्या, ढगळ गणवेशातल्या एक बाई आवारातल्या प्रत्येक दाराची कडी हाताने ओढत फिरायच्या. माझ्या खोलीचं मागचं दार त्यांनी असंच खडखडवलं आणि माझी डुलकी मोडली. मी चिडून विचारलं, कडी लागलेली दिसत नाही का? त्या शांतपणे म्हणाल्या, “दिसते, साहेब. गेल्या महिन्यात ग्रंथालयाचीपण लागलेलीच दिसत होती. ओढली तर बोल्ट हातात आला.”

हे दुपारीच का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी मला समजावलं. मी अधिकारी होतो, पण समजावण्याचा सूर मोठ्या बहिणीचा होता. “रात्री सगळेच जपून असतात. पोरी घोळक्याने निघतात, घरून फोन येतात, आमचा माणूस जागा असतो. दुपारी कोणाला वाटतच नाही काही होईल म्हणून. ज्याला करायचंय त्याला ते बरोब्बर माहीत असतं.”

वरळीच्या बीडीडी चाळीत त्यांचं घर. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी शिकणारी. दहावी त्यांनी लग्नानंतर रात्रशाळेतून केली होती आणि आपल्या गोल, सुट्या अक्षराचा त्यांना उघड अभिमान होता. सहा डिसेंबरची रजा त्या मागायच्या नाहीत, कळवायच्या. तीन दिवस चैत्यभूमीच्या रांगेत उभ्या राहून चुकलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या गाववाल्यांपर्यंत पोहोचवायच्या आणि सात तारखेला घसा बसलेला घेऊन गेटवर हजर.

गेटवर त्या कोणाचं ऐकायच्या नाहीत. एका विभागप्रमुखांना त्या रोज ओळखपत्र मागत. सरांनी एकदा आवाज चढवला, मला ओळखत नाही का म्हणून. बाईंचं उत्तर पुढे आवारभर झालं: “ओळखते ना, सर. म्हणून तर मागते. उद्या तुमच्यासारखा कोट घालून भलताच कोणी आला तर त्याला मी कुठल्या तोंडाने मागू?” सर तक्रार घेऊन माझ्याकडे आले. मी बाईंना बोलावून झापलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सरांना पुन्हा ओळखपत्र मागितलं.

आणखी एक प्रकार सांगतो, कारण सुरक्षा म्हणजे काय हे मला जे थोडंफार कळलं ते त्यातून. एक मुलगा, आमचाच माजी विद्यार्थी, रोज गेटसमोरच्या कठड्यावर येऊन बसायचा आणि एका मुलीच्या मागे स्टेशनपर्यंत जायचा. मुलगी तक्रार द्यायला घाबरत होती. घरी कळलं तर शिक्षण बंद. मी म्हणालो, लेखी नाही तर मी काय करणार. जाधवबाई आपला डबा घेऊन कठड्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. काय रे भाऊ, जेवलास का? गाव कुठलं? आई काय करते? बहीण आहे का, कुठल्या वर्गात? भाकरीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवत रोज तास-तासभर चौकशी. पाचव्या दिवशी त्यांनी त्याच्या आईचा फोन नंबर मागितला, सहज, सुकटीची चटणी कशी करतात ते विचारायला म्हणून. सहाव्या दिवसापासून तो दिसला नाही.

आता वहीबद्दल.

प्रत्येक गेटवर एक हकीकत वही असते. पाळी संपताना रक्षकाने काय घडलं ते लिहायचं आणि आठवड्यातून एकदा अधिकाऱ्याने खाली सही करायची. मुंबईतल्या कुठल्याही गेटवरची वही उघडा, पानोपानी दोनच शब्द सापडतील: सर्व ठीक. जाधवबाईंनी ते शब्द कधी लिहिले नाहीत. त्या लिहायच्या, ‘रसायन विभागाच्या मागचा दिवा आज नववा दिवस बंद.’ ‘कुरिअरवाला म्हणून आलेल्या इसमाकडे पाकीट नव्हते, परत पाठविला.’ आणि पुन्हापुन्हा, ‘मागच्या जिन्याखालील लोखंडी दाराची कडी तुटली आहे. गल्लीतून कोणीही आत येऊ शकतो. मी तारेने बांधले आहे, पण तार ही कडी नव्हे.’ प्रत्येक वेळी खाली माझी सही होती, ‘पाहिले’ असा शेरा मारून. मी पाहत होतो हे खरं आहे. बाईंच्या भाषेची गंमत वाटायची म्हणून चहाच्या वेळी सहकाऱ्यांना वाचूनही दाखवायचो. कडीचा कागद अभियंता शाखेकडे पाठवायचा माझ्या हातून राहत गेला.

त्याच वर्षी मूल्यांकन समिती येणार होती. अशी समिती यायची म्हटली की कार्यालयात काय चालतं ते नोकरी केलेल्यांना माहीत आहे. सहा महिन्यांची हजेरी, सभांची इतिवृत्तं, नोंदवह्या, सगळं आठवड्याभरात नव्याने लिहून निघतं, वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसू नये. आम्ही त्याला ‘फेअर करणं’ म्हणायचो. त्यात खोटं काही आहे असं आमच्यातल्या कोणालाच वाटत नसे.

जाधवबाईंची वही समितीसमोर ठेवण्यासारखी नव्हती. मी त्यांना सांगितलं, नवीन वहीत उतरवा, आणि रोज फक्त ‘सर्व ठीक’ लिहा. त्या तयार होईनात. मग मी तो शब्द दिला, ज्यामुळे आज हे लिहितो आहे. म्हणालो, तक्रारींची वेगळी फाइल मी केली आहे, ती थेट अभियंत्यांकडे जाते, वहीत त्या दोनदा कशाला? अशी फाइल नव्हती. त्यांनी विचारलं, “नक्की आहे ना, साहेब?” मी हो म्हणालो. त्यांनी तीन दुपारी माझ्या खोलीत बसून, त्या सुंदर अक्षरात, सहा महिन्यांचं ‘सर्व ठीक’ लिहून काढलं. त्या तीन दुपारी कड्या ओढायला कोणी फिरलं नाही. समितीने आमच्या आवाराला तक्रारमुक्त म्हणून शाबासकी दिली.

दिवाळीच्या सुट्टीत, दुपारी तीनच्या आसपास, पीएच.डी. करणारी एक मुलगी प्रयोगशाळेतून मागच्या जिन्याने उतरत होती. गल्लीतून एक माणूस आत शिरलेला होता. त्याने तिची बॅग खेचली, ती ओरडली, त्याने ब्लेड काढलं. झटापटीत ती जिन्यावरून खाली कोसळली. आवाज ऐकून सगळ्यात आधी जाधवबाई पोहोचल्या. तो पळाला आणि पुढे कधी सापडला नाही. बाई मुलीचं डोकं मांडीवर घेऊन रुग्णवाहिका येईपर्यंत तिच्याशी बोलत बसल्या होत्या. मुलीचं मनगट आणि खुबा मोडला, गालावर टाके पडले. ती पुन्हा आवारात आली नाही. संशोधन सुटलं.

मी काय केलं ते सांगतो. जुनी वही माझ्या कपाटात होती आणि तिच्यात कडीच्या सात नोंदींखाली माझ्या सात सह्या होत्या. नष्ट करायच्या जुन्या कागदांची यादी तेव्हा तयारच होती. तिसऱ्या दिवशी मी ती वही त्या गठ्ठ्यात सरकवली आणि गठ्ठा टेम्पोत चढेपर्यंत खाली उभा राहिलो. मला पोलिसांची भीती होती. बढतीची आशाही होती. दोन्हींपैकी जास्त काय होतं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. मला वाटतं, बढतीच.

चौकशी समिती तीन जणांची, मी तिचा सचिव. म्हणजे बोलणं टिपून घेणारा. जाधवबाई इस्त्री केलेल्या गणवेशात आल्या. दाराबद्दल कळवलं होतं का, असं अध्यक्षांनी विचारलं. त्या म्हणाल्या, सात वेळा लिहिलं आहे. अध्यक्षांनी वही पुढे सरकवली.

“सर्व ठीक, सर्व ठीक, सर्व ठीक. अक्षर तुमचंच ना?”

“माझंच आहे.”

“मग?”

बाईंनी वहीकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडे वळल्या. “परब साहेब, तुम्ही सांगा यांना. पहिली वही आहे ना तुमच्याकडे. आणि ती फाइल.”

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “तपासून सांगतो.”

कार्यालयातलं हे सगळ्यात सोयीचं वाक्य. यात नाही म्हटलेलं नसतं. एक सदस्य इंग्रजीत म्हणाले की या वर्गातल्या बायकांना लेखी नोंदीचं महत्त्व कुठून कळणार. बाईंना ते समजलं, कारण त्यांनी टेबलावरचे हात उचलून मांडीवर घेतले. मी कागदावर लिहिलं: सुरक्षारक्षक समाधानकारक खुलासा करू शकल्या नाहीत. ते वाक्य अहवालात जसंच्या तसं आहे.

तपासून सांगतो म्हटल्यामुळे त्या बाहेरच्या बाकावर थांबल्या. पाच वाजेपर्यंत बसल्या होत्या असं शिपायाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी मागच्या जिन्याने घरी गेलो होतो. खालच्या दाराला नवी कडी बसली होती.

घरी जेवताना मी एवढंच बोललो की त्या जाधवबाईंना काढणार असं दिसतंय. आई तेव्हा होती. तिने घास हातात धरून विचारलं, “आणि तू थंयच होतंस मा?” म्हणजे, तिथेच होतास ना. मी पाणी प्यायलो.

ठेकेदाराने त्यांना काढताना शेरा असा मारला की दुसरीकडे कोणी गेटवर घेईना. त्या एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून लागल्या. तीनेक वर्षांनी दादरच्या भाजी बाजारात समोरासमोर आल्या. मी तोंड चुकवायला जागा शोधत होतो. त्यांनीच हाक मारली. वहीचा विषय काढतील म्हणून मी मनात वाक्यं जुळवू लागलो. त्यांनी विचारलं ते भलतंच. “ती पोरगी कशी आहे हो, साहेब? काही कळलं?”

मला काहीच कळलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. बरी आहे म्हणालो.

“तिला वाटत असेल, बाई गेटवर बसून पगार खात होत्या. मांडीवर डोकं होतं तिचं, तेव्हा मला म्हणाली, मावशी, हे दार उघडं कसं? मी म्हटलं, बेटा, मी लिहिलंय, मी लिहिलंय. मग तो अहवाल गेला असेल तिच्या घरी. म्हणजे तिच्या लेखी मी खोटं बोलले ना, ती मरणाच्या दारात असताना.” अळवाची जुडी पिशवीत ठेवत त्या एवढंच म्हणाल्या, “माझं राहू दे. तिला तेवढं कळवा, साहेब. तुमच्याकडे पत्ता असेल.”

पत्ता होता. मी हो म्हणालो. दुसऱ्यांदा हो म्हणालो त्यांना.

गेल्या वर्षी त्या मूत्रपिंडाच्या आजाराने गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. चाळ पाडली होती. घर नव्या टॉवरच्या अठराव्या मजल्यावर. मुलगी आता बँकेत आहे. तिने मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, आईचे साहेब म्हणून ओळख करून दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो की जाधवबाई अत्यंत कर्तव्यदक्ष होत्या. लोकांनी माना डोलावल्या. मुलीने रुमालाने डोळे पुसले आणि मला चहा आणून दिला. मी तो प्यायलो.

वही राहिलेली नाही. तिच्यात काय होतं हे सांगू शकणारा माणूस आता एकच आहे, आणि तो पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होतो. तीन पत्रं माझ्याकडून जायची आहेत: एक विद्यापीठाला, एक जाधवबाईंच्या मुलीला, एक त्या संशोधक मुलीला. तिन्हींत मजकूर सारखाच लागेल. दाराची कडी तुटल्याचं श्रीमती जाधव यांनी सात वेळा लिहून कळवलं होतं, मी सातही वेळा वाचून सही केली होती, दुसरी वही माझ्या सांगण्यावरून लिहिली गेली आणि पहिली मी नष्ट केली. खाली माझं पूर्ण नाव आणि हुद्दा. तिन्ही पत्रं अजून लिहायची आहेत.