जगाच्या आधी देव काय करत होता?

त्या वर्षी मी प्रार्थना बंद केली होती. कारण एकच. देवाने जग निर्माण केले, तर त्याआधी तो काय करत होता? जळगावच्या एका साप्ताहिकाचा मी बातमीदार. कोणत्याही घटनेच्या आधी काय घडले, हे विचारणे माझे कामच होते. आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, “काळसुद्धा त्यानेच निर्माण केला. तिथे ‘आधी’ नाहीच.” मला ही कचेरीतल्या साहेबाने दिलेली बगल वाटली. उत्तर मिळेपर्यंत देवाशी बोलायचे नाही, असे मी ठरवले. दिवस भरत आलेली पत्नी म्हणाली, “तुमचा प्रश्न सुटेपर्यंत बाळानेही थांबायचं का?”

बाळ थांबले नाही. बाळंतपणासाठी पत्नीला जळगावला न्यायला एरंडोलहून धरणगाव स्टेशनाकडे जाताना भर दुपारी बैलगाडीचा आस मोडला आणि तिच्या कळा वाढल्या. गाडीवान मदत आणायला गावाकडे पळाला. मी घड्याळ काढून दोन कळांमधली मिनिटे मोजत उभा राहिलो. दुसरे काही सुचत नव्हते. शेजारच्या शेतात कापूस वेचणारी एक म्हातारी भरल्या ओटीनिशी धावत आली.

“घडी दखीसन पोर येत नही, भाऊ! पानी आन!”

तिने गाडीला लुगड्याचा आडोसा केला. मुलगी झाली, पण रडली नाही. अंग निळसर होते. म्हातारी तिची पाठ चोळत राहिली. मी ढेकळांतच गुडघे टेकले आणि ‘वाचव’ एवढेच म्हणालो. किती वेळ गेला, सांगता येत नाही.

मग ती रडली.

“रडनी माय! आते तिना दिवस सुरू व्हयनात,” म्हातारी हसत म्हणाली.

आता तिचे दिवस सुरू झाले, या वाक्याने माझा प्रश्न सुटला, असे मी लिहिणार नाही. मुलीच्या आधी आम्ही दोघे होतो, शेत होते, दुपार होती. जगाच्या आरंभाला हा दाखला पुरत नाही. पण पाळकांचे म्हणणे मला त्यानंतर बगल वाटले नाही. जो दिवस देतो, त्यालाच दिवसांनी मोजायला मी निघालो होतो. त्या गडबडीत म्हातारीचे नाव विचारायचे राहिले. बातमीदाराला न शोभणारी ही चूक आजही टोचते. तिच्यासाठी मी बिननावाचीच प्रार्थना करतो.

बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी हळूच विचारले, “सुटला प्रश्न?”

“नाही,” मी म्हणालो, आणि मुलगी त्यांच्या हातात दिली.